गोव्यात बिऱ्हाड, पण मुलांचे काय?

२०२० च्या टाळेबंदीनंतर पुण्या-मुंबईहून गोव्यात बिऱ्हाड हलविलेली कुटुंबे माझ्या म्हापशाच्या दवाखान्यात येऊ लागली. जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमाने उडू लागली आणि ये-जाही सोपी झाली.

निवांतपणा शोधण्यात वावगे काही नाही. मात्र घर पाहताना समुद्र किती दूर हे विचारले जाते. पावसात भिंतींना बुरशी धरते काय, हे कोणी विचारीत नाही. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भूमीत दमट, बंद खोल्यांत बुरशी व धुळीतील सूक्ष्म किडे फोफावतात, आणि बालदम्याच्या मुलाची छाती जुलैत वाजू लागते. "डॉक्टर, गोव्याची हवा चांगली ना?" हा प्रश्न ठरलेला.

मला अधिक काळजी वाटते ती एकटेपणाची. संकुलातले मूल गाडीने शाळेत जाते, गाडीने परतते. शेजारच्या वाड्यावरची कोकणी त्याच्या कानी पडत नाही. (मराठी माणसाला ती अवघड नाही, शिकण्याची गरजच वाटत नाही, हे दुखणे.) आजी-आजोबा तिकडे पुण्यात. आमचा सुशेगादपणा ओळखीपाळखीवर उभा आहे. मुलाला शुक्रवारच्या बाजारात न्यावे, चवथीला शेजाऱ्यांकडची माटोळी पाहण्यास पाठवावे. आणि घर विकत घेण्यापूर्वी एक पावसाळा भाड्याने राहून पाहावा.