चांदीच्या खाणी आणि संत्र्याच्या बागा

टायरच्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर काडीझची वसाहत उभारली ती मुख्यतः चांदीसाठी. असिरियाच्या सम्राटांची खंडणी भागवायला ती लागे, आणि मागच्या डोंगरांतल्या रियो तिंतोच्या खाणींतून स्थानिक लोक ती काढून देत. तिचे मोल मात्र ठरे समुद्रापलीकडे. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबिलोनच्या नेबुखदनेझरने टायरला 13 वर्षे वेढा घातला आणि त्याच शतकात स्पेनमधल्या या चांदी-व्यापाराचे वैभव ओसरले. इतर कारणेही असतील; पण हजारो मैलांवरच्या एका बंदराची कोंडी हे त्यांतले मोठे कारण, असे अनेक अभ्यासक मानतात.

आपल्याकडे सातवाहनकाळी पैठणचे गोमेद आणि तेरची मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई, हे ‘पेरिप्लस’ हा जुना ग्रीक ग्रंथ सांगतो. समुद्रापलीकडच्या रोमची मागणी आटली तशी ही पेठही मंदावली.

नागपूरशेजारच्या पांढुर्णा-सौंसर तालुक्यांच्या काळ्या मातीने दूरच्या बाजारावर विसंबण्याचा हा धडा कापसातून अनुभवला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये, म्हणजे तेजी उतरल्यावर. ज्या शेतकऱ्याने तेजीच्या भरवशावर कर्ज उचलले, त्याला अमेरिकेतली शरणागती कळलीही नसेल. सावकाराचा तगादा मात्र कळला.

आज कापसाशेजारी संत्रा उभा आहे. 1956 च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, मराठी बोलणारे हे तालुके मध्य प्रदेशातच राहिले. तरीही इथले फळ बाजारात ‘नागपुरी’ म्हणूनच ओळखले जाते. व्यापारी बहार झाडावरच ठरवतो, आणि बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेले की तोट्याची झळ आधी बागेच्या बांधावर पोचते. टायरने जांभळ्या रंगाची कला आपल्या हाती राखली होती, म्हणून कच्चा माल दुसऱ्याचा असला तरी नफा त्याचा राहिला. आपण उलट केले: झाड आपले, प्रतवारी, साठवण, रस आणि भाव परक्याचा. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या पहिल्या आराखड्यात कार्यालयांच्या इमारतींआधी शीतगृह आणि रसप्रक्रियेचा कारखाना यायला हवा, आणि त्याची मालकी बागायतदारांच्या सहकारी संस्थेकडे असायला हवी.