पगार परका, मग दाम तरी कुठला?



परदेशात वाढणाऱ्या मुलांना 'शुद्ध' मराठीच शिकवावं, असा आग्रह वरचेवर ऐकू येतो. पगार नको, वेतन म्हणा. कर्ज नको, ऋण म्हणा. हेतू चांगला आहे, पण पैशांच्या शब्दांबाबत तरी मला हे पटत नाही.

पगार पोर्तुगीजांकडून आला हे खरं. पण आल्यावर पक्का मराठी झाला. पगारदार, पगारी रजा ही त्याचीच पिल्लं. 'बिनपगारी फुल अधिकारी'च्या जागी 'बिनवेतनी' म्हणून बघा, कोणी हसेल का? कर्ज, नफा, जमा, वसूल हे मूळचे अरबी, फारसीमार्गे आलेले. हप्ता म्हणजे फारसीत आठवडा. आपण आपला आठवडा तसाच ठेवला आणि हप्त्याला कर्जफेडीच्या कामाला लावलं!

उलट अस्सल देशी वाटणारा 'दाम' घ्या. मूळ ग्रीक द्राख्मा, संस्कृतात द्रम्म, मग दाम. दुबईकरांच्या खिशातला दिरहमही त्याच द्राख्माचा वंशज. म्हणजे आपल्या दामदुपटीतला दाम त्याचा चुलतभाऊच की! आणि व्याज? संस्कृतात त्याचा अर्थ कपट, बहाणा. म्हणून निर्व्याज प्रेम म्हणजे निष्कपट प्रेम, बिनव्याजी नव्हे. (घराचे हप्ते चालू असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच.)

यावर कोणी राज्यव्यवहारकोशाचा दाखला देईल. शिवाजी महाराजांनी तो करवून घेतला, कारण कारभाराची भाषा फारसीने भरून गेली होती. ती गरज खरीच होती. पण बाजारातले कर्ज आणि नफा त्यानंतरही टिकले, कारण ते रोज लोकांच्या तोंडी होते.

खरी काळजी इथेच आहे. आपल्या घरांत 'सॅलरी क्रेडिट झाली', 'लोनचा ईएमआय गेला' एवढंच कानावर पडतं. त्यातून मुलांसमोर पैशांचा विषय काढायचा नाही, ही आपली जुनी सवय. मग मुलांना पगारही कळणार नाही आणि वेतनही. तेव्हा पगार की वेतन हा वाद बाजूला ठेवू. महिन्याचा हिशोब मुलांना बरोबर घेऊन, मराठीत करू: पगार किती, हप्ता किती, उधारी किती, शिल्लक किती.

बघा पटतंय का.