शिकविणें शिकावें लागतें

परवां एका स्नेह्यांच्या घरीं गेलों असतां त्यांच्या नातवाच्या पुढील शिक्षणाचा प्रश्न निघाला. मुलगा गणित घेऊन बी.एस्सी. झालेला. आजोबा म्हणाले, "दुसरें कांहीं जमेपर्यंत बी.एड. करून ठेवूं दे; वायां तर जात नाहीं!" घरांतील मंडळींनीं माना डोलावल्या. आम्हांस मात्र तें वाक्य टोंचत राहिलें. वैद्यकीच्या अभ्यासाविषयीं असें कोणी बोलत नाहीं. मग ज्यांच्या हातीं आपण आपलीं नातवंडें दररोज सोंपवितों, त्यांच्या तयारीविषयींच ही बेफिकिरी कां?

ज्याला विषय येतो त्याला तो शिकवितां येतोच, ही आपल्या सुशिक्षित घरांतील जुनी समजूत. ती कशी फसते हें आम्हीं एका सराव-पाठाच्या वेळीं पाहिलें. वर्ग पांचवीचा, विषय अपूर्णांक. शिकविणारी तरुणी पदवीधर. टाचण सुबक, फळ्यावरील अक्षर मोत्यासारखें. तिनें विचारलें, "एक तृतीयांश मोठा, कीं एक चतुर्थांश?" एक मुलगा उत्साहानें म्हणाला, "एक चतुर्थांश!" "चूक. खालीं बैस." दुसऱ्याकडून बरोबर उत्तर मिळालें आणि पाठ टाचणाप्रमाणें पुढें सरकला.

मागच्या बांकावर बसलेल्या मार्गदर्शक बाईंनीं तास संपल्यावर अक्षराची किंवा वेळेची चर्चा केली नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "तो मुलगा तसें कां म्हणाला?" तरुणी निरुत्तर झाली. कारण तर उघड होतें. तिनापेक्षां चार मोठे, हें त्याला पहिलीपासून शाळेनेंच शिकविलेलें. तोच नियम त्यानें येथें लावला. त्याची चूक आळसाची नव्हती, विचार करून केलेली होती. दुसऱ्या दिवशीं आम्ही मुद्दाम पुन्हां गेलों. तरुणीनें त्यालाच उभें करून विचारलें, "एक भाकरी तिघांत वाटली तर तुझा वांटा मोठा, कीं चौघांत वाटली तर?" मुलगा हंसला. "तिघांत. चौघांत नुसती चतकोर येते!" आदल्या दिवशींचें उत्तर त्यानें आपण होऊन सुधारलें.

अमेरिकेंतील शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनीं १९८६ सालीं हेंच मांडलें. विषयाचें ज्ञान व अध्यापनाच्या सामान्य पद्धती यांखेरीज शिक्षकास आणखी एक ज्ञान लागतें: हा विषय मुलांना कोठें अडतो आणि कोणत्या उदाहरणानें सुटतो, याचें. तें पुस्तकांत पुरतें सांपडत नाहीं. मुलांसमोर उभें राहूनच मिळवावें लागतें. म्हणूनच राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें २०१४ च्या नियमांनीं बी.एड. एका वर्षाऐवजीं दोन वर्षांचें केलें व दुसऱ्या वर्षांतील सोळा आठवडे शाळेंत काढण्यास सांगितलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तर बारावीनंतर विषय व अध्यापन जोडीनें शिकविणाऱ्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला.

परंतु नुसते आठवडे मोजून शिक्षक घडत नाहीं. त्या आठवड्यांत मागच्या बांकावर कोण बसतें व काय विचारतें, यावर सारें अवलंबून असतें. कित्येक ठिकाणीं टाचणें गतवर्षीच्या वह्यांतून उतरविलीं जातात, वर्गास उत्तरें आधींच पढविलीं जातात आणि पाठ निर्विघ्न पार पडतो. असा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला, तरी वेडेंवांकडें उत्तर येतांच त्याच्यापाशीं "खालीं बैस" याखेरीज शब्द नसतो. आणि असें खालीं बसविलेलें मूल पुष्कळदां जन्मभर गणिताला भिऊन खालींच बसतें.

तेव्हां त्या आजोबांस आमची विनंति अशी. प्रवेशापूर्वीं नातवानें घरांतल्याच धाकट्या भावंडांस महिना-दोन महिने गणित शिकवून पाहावें. चुकलेलें उत्तर ऐकून त्याला राग येतो, कीं कुतूहल वाटतें, हें आपण दुरून पाहावें. कुतूहल वाटलें, तर त्याला खुशाल बी.एड.ला पाठवावें, मात्र महाविद्यालय निवडतांना इमारतीआधीं तेथील सराव-पाठांची चौकशी करावी. आणि राग येत असेल, तर त्यानें दुसरें कांहीं जमेपर्यंत दुसरेंच कांहीं करावें. वर्ग ही कोणाच्या प्रतीक्षेची खोली नव्हे.