चौकटीचा कैवार

धंद्याची उद्दिष्टे ठरवून तिमाहीचे कोष्टक आखावे, प्रत्येक कलमापुढे मुदत आणि जबाबदार इसमाचे नाव लिहावे, या चौकटबद्ध पद्धतीची थट्टा करणे हे हल्ली जाणतेपणाचे लक्षण समजले जाते. व्यापार गल्ल्यावर बसणाऱ्याच्या नजरेवर चालतो, कोष्टकांनी फक्त दफ्तर फुगते, असा हा आक्षेप आहे. त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नाही. मालक, मुनीम आणि गिऱ्हाईक एकाच छपराखाली असतात तेथे नजर पुरते. पण आराखडा काढणारा, माल घडवणारा आणि तो विकणारा यांची जेथे वर्षवर्ष गाठ पडत नाही, तेथे ती कितीही तीक्ष्ण असली तरी पोहोचावी कशी?

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो गुणवत्तेच्या क्षेत्रातील एडवर्ड्स डेमिंग यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाचा आहे. काम बिघडते ते बहुतांशी व्यवस्थेच्या दोषामुळे, आणि व्यवस्था बदलणे तर कामगाराच्या हाती नसते. तेव्हा रीत न सांगता नुसता आकडा फर्मावणे निरर्थक होय, असे प्रतिपादून त्यांनी उद्दिष्टांच्या जोरावर कारभार हाकण्याची पद्धतच मोडीत काढावी असे सांगितले. पुरावाही हाताशी आहे. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ खाती वा सेवा घालण्याचा ध्यास घेतला. नोकरांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली आणि २०१६ साली बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड भरावा लागला. (मार्चअखेरीस निधी खर्ची टाकण्याची आपल्याकडील लगबग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटू नये.)

परंतु हा प्रहार ज्यावर होतो ती चौकट नव्हे, तिचा अर्धा तुकडा आहे. व्यवस्थापनाचे विचारवंत पीटर ड्रकर यांनी १९५४ च्या ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’मध्ये हा विचार मांडला तेव्हा उद्दिष्टांच्या जोडीला आत्मनियमन ठेवले होते: मोजमापाची माहिती प्रथम काम करणाऱ्याच्याच हाती यावी, त्याने आपल्या कामाला आपण वळण द्यावे, वरिष्ठाने तिचा चाबूक करू नये. पुढे चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात प्रत्येक मापाला उलट बाजूचे माप जोडण्यास सांगितले. गुदामातील साठा कमी झाला की नाही हे पाहाल, तर मालाचा तुटवडा कितीदा पडला हेही पाहा. वेल्स फार्गोच्या त्या आठाच्या आकड्यासमोर, उघडलेले खाते ग्राहकाने मागितले होते काय आणि तो ते वापरतो काय, हे माप तितक्याच वजनाने उभे असते, तर त्या आकड्याची मातब्बरी पहिल्या तिमाहीतच उतरली असती.

रीत कोठे आहे, या डेमिंग यांच्या प्रश्नाचे उत्तर १९८० च्या इंटेलमध्ये सापडते. मोटोरोलाच्या चिपपुढे इंटेलची ८०८६ मागे पडू लागली, तेव्हा वर्षभरात दोन हजार उत्पादनांच्या आराखड्यांत तिला स्थान मिळवून देण्याचा संकल्प सुटला. एवढ्यावर थांबले असते तर तो पोकळ हुकूमच ठरता. पण दुसऱ्या तिमाहीच्या कागदावर त्याखालची कलमे उतरली: चिपची सरसता दाखवणाऱ्या पाच चाचण्या प्रसिद्ध करणे, हे उपयोजनखात्याकडे, संपूर्ण मालिकेची नव्याने मांडणी करणे, हे विपणनखात्याकडे, आठ मेगाहर्ट्झची चिप उत्पादनात आणणे, आणि गणिती सहप्रक्रियकाचे नमुने १५ जूनपर्यंत देणे, हे अभियंत्यांकडे. दोन हजारांचा पल्ला वर्षअखेर ओलांडला गेला, आणि १९८१ साली आयबीएमच्या संगणकात याच कुळातील ८०८८ बसली. याचे सारे श्रेय एका कागदाला देणे भाबडेपणाचे होईल. माल आणि माणसे दोन्ही तोलामोलाची होती. मात्र १५ जूनचा वायदा टळण्याची चिन्हे दिसली असती, तर कोणाच्या मदतीला धावायचे हे शोधण्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली नसती.