बांधावरील तेरडा

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण प्रचारात आणून आपल्या लोकांनी या गरीब रोपावर अन्यायच केला आहे. एक फूल फार दिवस टिकत नाही हे खरे. परंतु पानांच्या बगलेत एकामागून एक कळ्या येत असल्याने रोप श्रावणापासून पाऊस ओसरेपर्यंत फुललेले असते.

सह्याद्रीचे उतार, कोकणातील ओलसर कातळकडा, ओढ्यांचे काठ आणि आपल्या शेतांचे बांध, ही याची वस्तीची ठिकाणे होत. पहिल्या पावसाबरोबर बी रुजते, रोप हात-दीड हात वाढते आणि पावसाळा सरताच मरून जाते. खोड पाणीदार, पाने निमुळती व कातरलेल्या कडांची; फूल बहुधा गुलाबी, क्वचित जांभळे वा पांढरे, व त्याच्या पाठीशी बारीक शेपटीसारखी मधाची नळी. पिकलेल्या बोंडास बोट लागताच ते फुटून बी दूर उडते, हा खेळ शेतकऱ्यांच्या मुलांना सांगावयास नको. साताऱ्याजवळील कास पठारावर भाद्रपदात गुलाबी गालिचा पसरतो, तो याच्याच एका लहान भाऊबंदाचा. तो मात्र सह्याद्रीबाहेर आढळत नाही.

तेरडा हे तण आहे, सबब ते मारलेच पाहिजे, असे कित्येक शेतकरी बंधू म्हणतात. आम्हास हे मान्य नाही. हरळी किंवा लव्हाळा यांच्याप्रमाणे जमिनीत मूळ वा गाठ ठेवून हा पुन्हा उठत नाही. दोन बोटांनी उपटला की काम झाले. पिकात आला तर अवश्य उपटावा. पण त्याच्यासाठी बांधावर तणनाशक फवारणे म्हणजे उंदरासाठी घर जाळणे होय. फवारलेला बांध उघडा पडतो, ऐन पावसात त्याची माती वाहून जाते, आणि भोपळा-काकडीच्या वेलांना ज्यांची गरज त्या माशा-भुंग्यांचे खाद्यही नाहीसे होते.

दुसरा प्रश्न गौरींचा. अनेक घरी तेरड्याची रोपे मुळांसकट आणून त्यांचीच गौर मांडतात. मुळे ही तिची पावले. ही रीत मोडावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु हे रोप केवळ बियांवर जगते, आणि हल्ली बांधावरून भारेच्या भारे उपटून शहरांच्या बाजारात जातात. बी धरण्यापूर्वीच सर्व रोपे गेली तर पुढील साली तेथे काय उगवणार? ज्याने आषाढात बांध जाळला त्यानेच भाद्रपदात पैसे मोजून जुडी आणावी, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. निदान चारांतील एक रोप जागेवर राखावे.

याहून सोपा उपाय म्हणजे अंगणात तेरडा लावणे. बाजारात दुहेरी पाकळ्यांच्या जातींचे बी मिळते. ती फुले दिसावयास भरदार खरी, तथापि मधमाशीला सुगम असा रानचा एकेरी तेरडाच आम्हास अधिक पसंत आहे. मृगात बी विसकटून वर मातीचा पातळ थर द्यावा व रोपे वीतभर अंतरावर विरळावीत. अर्धी सावली चालते. पाणी साचल्यास मात्र खोड कुजते, आणि पावसाने ओढ दिली तर रोपे चटकन माना टाकतात, तेव्हा पाणी घालावे. बियांसाठी बोंडे फुगून फिकट होऊ लागताच त्यांवर विरळ कापडाची पुरचुंडी बांधावी. एक दिवसाचाही उशीर झाला तर बी शेजाऱ्याच्या अंगणात गेलेच म्हणून समजावे.