विश्लेषण : ‘नाइट वॉच’ची सफाई सुरू व्हायला पाच वर्षे का लागली?

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या भव्य चित्रावर जुलै २०१९ पासून काम सुरू आहे, तेही काचेच्या खोलीत, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. मात्र जुने वार्निश काढायला सुरुवात झाली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. मधला बराचसा काळ तपासणीत गेला. या पाच वर्षांचा अर्थ महाराष्ट्रानेही समजून घ्यायला हवा, कारण घाईची किंमत अजिंठ्याने मोजली आहे.

चित्राने आजवर काय सोसले?

१६४२ मधले हे चित्र शहराच्या रक्षक दलाच्या सभागृहासाठी काढलेले होते. १७१५ मध्ये ते नगरभवनात हलवले. तिथल्या दोन दारांमधल्या भिंतीवर मावेना, म्हणून ते चारही बाजूंनी कापले. डावीकडची सुमारे ६० सेंटीमीटरची पट्टी तेव्हा गेली. १९११ आणि १९७५ मध्ये चाकूहल्ले झाले, १९९० मध्ये आम्ल फेकले गेले. काळवंडलेल्या वार्निशमुळे दिवसाच्या प्रसंगाला ‘रात्रीची गस्त’ हे नाव चिकटले, ते वेगळेच.

तपासणीत काय हाती लागले?

क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःची खास ऊर्जा बाहेर टाकते. ती मोजली की कोणत्या थरात काय आहे, याचा नकाशा मिळतो. कॅल्शियमच्या नकाशात रेम्ब्रांटचे मूळ रेखाटन दिसले. एका शिरस्त्राणावर आधी रंगवलेली आणि नंतर झाकलेली पिसेही सापडली. कॅनव्हासवर शिशाचा थर आढळला. दमट भिंतीपासून बचावासाठी चित्रकारानेच तो दिला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. ८,४३९ छायाचित्रे जोडून तयार केलेली ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

अजिंठ्याशी संबंध काय?

निजाम सरकारने १९२० च्या सुमारास अजिंठ्याची भित्तिचित्रे वाचवण्यासाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. सुटणारा रंग त्यांनी बसवला. पण चित्रांवर दिलेली लाखेची झिलई पुढे पिवळी पडली, तडकली आणि तिच्यावर धूळ-काजळी बसली. लाख जुनी झाली की तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि ती सहजी विरघळत नाही. त्यामुळे ही झिलई काढणे हेच पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांपुढचे मोठे काम झाले. हेतू चांगला होता, माणसेही जाणकार होती. परंतु शंभर वर्षांनी त्या पदार्थाचे काय होईल, हे तपासण्याची साधने तेव्हा नव्हती.

मग आग्रह कशाचा धरायचा?

आज साधने आहेत. सार्वजनिक इमारतीतल्या जुन्या चित्राच्या ‘सुशोभीकरणा’ची निविदा निघते, तेव्हा तीन प्रश्न विचारायला हवेत. काम सुरू होण्यापूर्वी थरांची तपासणी झाली का? आज लावलेला पदार्थ उद्या मूळ रंगाला धक्का न लावता काढता येईल का? आणि आधीची-नंतरची छायाचित्रे, वापरलेली रसायने यांची नोंद लोकांना पाहता येईल का? चित्र उजळले की फीत कापली जाते. तपासणीसाठी मात्र कोणी फीत कापत नाही. म्हणूनच तिच्यासाठी वेळ आणि पैसा निविदेतच लिहून ठेवायला हवा.