न रडता रडवणारे आजोबा

आमच्या कोकणातल्या तुडील गावात दुखणं वाढलं की आधी महाड, तिथं निभावलं नाही तर थेट मुंबई. म्हणून ‘श्वास’ (२००४) हा चित्रपट इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कोकणातले आजोबा, नातू परशुराम, डोळ्यांचा कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. पोराला हे सांगायचं कुणी, इथंच आजोबांचा धीर सुटतो. शस्त्रक्रिया पुढं ढकलली जाते तेव्हा ते न विचारता त्याला इस्पितळाबाहेर नेतात, डोळे आहेत तोवर शहर दाखवायला. डॉक्टर चिडतात. मला त्यांचंही पटतं, म्हणून तर प्रसंग जास्त लागतो.

आजोबा झालेले अरुण नलावडे यात फारसे रडत नाहीत. मालिकांत दर दहा मिनिटांनी कुणीतरी हंबरडा फोडतं, आमची काकू मात्र निवांत भाजी निवडत बसते. ‘श्वास’ लागला की तिचा हात थांबतो.

‘श्यामची आई’ला १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान मराठीला पुन्हा मिळायला पन्नास वर्षं लागली, ‘श्वास’मुळे. दोन्ही गोष्टी कोकणातल्या माणसांच्या, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.